द. वि. पलुसकर: ३४ वर्षांचं आयुष्य, तीन मिनिटांच्या तबकड्या आणि पुन्हा पुन्हा सापडत गेलेला आवाज

सांगली जिल्ह्यातलं पलूस म्हटलं की द्राक्षबागा आठवतात. शेजारची किर्लोस्करवाडी, कुंडल, भिलवडी, औदुंबरचं दत्तस्थान आणि कृष्णाकाठ आठवतो. पण याच गावाचं नाव एका घराण्याच्या आडनावातून लाहोर, जालंधर, मुंबई आणि पुढे थेट चीनपर्यंत गेलं, हे आज फार जणांच्या लक्षात नसतं. ते आडनाव म्हणजे पलुसकर.

खरं तर या घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. मूळ गाव पलूस म्हणून लोक त्यांना पलुसकर म्हणू लागले आणि तेच आडनाव चिकटलं. या घरातले विष्णु दिगंबर पलुसकर शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत असतात. त्यांचा मुलगा दत्तात्रेय विष्णु पलुसकर, म्हणजेच द. वि. किंवा बापूराव पलुसकर, याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो जगला अवघी ३४ वर्षं. त्यानं तबकड्या भरल्या त्या साधारण अकरा वर्षांत. आणि त्याला जाऊन सत्तर वर्षं झाली तरी दर पिढीत काही माणसांना त्याचा आवाज नव्यानं सापडतो. कधी लाँगप्लेवर, कधी कॅसेटवर, कधी सीडीवर आणि आता मोबाईलवर.

असं का होतं? हे समजून घ्यायचं तर सुरुवात वडिलांपासून करावी लागते.

फटाका, मिरज आणि लाहोर

विष्णु दिगंबर यांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळ्यांना कायमची इजा झाली. शाळेचं शिक्षण जवळपास थांबलं. उपचारासाठी मिरजेला आणलं गेलं आणि तिथेच त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे गुरू मिळाले. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली, हे संगीताच्या इतिहासात मान्य झालेलं आहे. म्हणजे एका अपघातानं एका मुलाची पुस्तकं सुटली आणि महाराष्ट्राला एक मोठा गवई मिळाला.

१८९६ मध्ये विष्णु दिगंबर मिरज सोडून बाहेर पडले. त्या काळी गाणं हे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात किंवा बदनाम समजल्या जाणाऱ्या वस्तीत असायचं. सभ्य घरातल्या मुलानं, त्यातून मुलीनं, गाणं शिकायचं म्हणजे घरात भांडण ठरलेलं. विष्णु दिगंबरांना हे चित्र बदलायचं होतं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या मेहेरबानीवर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी गाण्याची शाळा. फी भरा, वर्गात बसा, पुस्तकातून शिका, परीक्षा द्या. आज गल्लोगल्ली गाण्याचे क्लास आणि परीक्षा दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

१९०८ मध्ये मुंबईला शाळा निघाली. तिच्यासाठी इमारत बांधली, कर्ज झालं, ते फिटेना आणि शेवटी इमारत लिलावात गेली. विष्णु दिगंबर नाशिकला गेले. तिथे त्यांनी रामनामाला वाहिलेला आश्रम काढला. गाणं आता मैफलीपेक्षा भजनाकडे, कीर्तनाकडे आणि समूहानं म्हणायच्या रामधुनीकडे वळलं. गांधीजींच्या प्रार्थनासभांमुळे देशभर पोहोचलेल्या रामधुनीची चाल विष्णु दिगंबरांची म्हणूनच सांगितली जाते.

घरात मात्र दुःखाला अंत नव्हता. विष्णु दिगंबरांना बारा अपत्यं झाली आणि त्यातली अकरा लहानपणीच गेली. वाचला तो एकच. २८ मे १९२१ रोजी जन्मलेला दत्तात्रेय.

दहाव्या वर्षी पोरका झालेला मुलगा

२१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णु दिगंबर मिरजेला वारले. तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. वडिलांकडून गाण्याचे पहिले धडे मिळाले होते, पण ख्यालगायकीची खरी तालीम ज्या वयात सुरू होते, त्याच वयात गुरूही गेला आणि बापही.

इथे विष्णु दिगंबरांनी आयुष्यभर केलेली एक गोष्ट मुलाच्या कामी आली. त्यांनी स्वतःसाठी पैसा जमवला नव्हता, शिष्य जमवले होते. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर अशी ती मोठी यादी. गुरूच्या मुलाला घडवण्याची जबाबदारी शिष्यांनी घेतली. चुलतभाऊ चिंतामणराव पलुसकर यांनी शिकवलं. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं, तिथे त्याची शिस्तीत तालीम झाली. नारायणराव व्यासांकडून मार्गदर्शन मिळालं. पुढे ग्वाल्हेर परंपरेतले जाणते गवई मिराशीबुवा यांच्याकडूनही त्यानं घेतलं.

हे गुरू एकमेकांसारखे नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. मिरजेचे विनायकराव म्हणजे दमसास, तराणे, लयीवर पक्की पकड. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत गायक नट म्हणून काम केलेला हा माणूस. कोल्हापूरचे नारायणराव म्हणजे सुरेल, झटकदार, नेटकं गाणं. त्यांच्या तबकड्या त्या काळात घराघरांत वाजत. या दोघांची जुगलबंदी फार गाजलेली. दोन गुरुबंधू, एकच परंपरा आणि दोन वेगळे गळे. असं दोघांनी मिळून गाणं लहानग्या दत्तात्रेयाच्या घरातलंच होतं.

१९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात तो पहिल्यांदा मोठ्या मंचावर गायला. पंजाबात वडिलांचं नाव फार मोठं होतं. विष्णु दिगंबरांचा मुलगा कसा गातो, हे ऐकायला लोक बसलेले असणार. त्या परीक्षेतून मुलगा पार पडला आणि पुढच्या वीस वर्षांत देशभरातल्या संगीत संमेलनांत बापूराव पलुसकर हे नाव ठरलेलं झालं.

तीन मिनिटांत राग कसा मावायचा?

बापूरावांची पहिली तबकडी निघाली १९४४ मध्ये. ती तबकडी म्हणजे नेमकं काय, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं.

लाखेपासून बनलेली, दहा इंच व्यासाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी काळी चकती. हातातून पडली की तुकडे. एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावतात. संपली की उठायचं, चकती उलटी करायची, सुई बदलायची आणि दुसरी बाजू लावायची. मैफलीत तास-दीड तास चालणारा ख्याल या सव्वातीन मिनिटांत बसवायचा.

बऱ्याच मोठ्या गवयांना हे जमलं नाही. कुणी घाईघाईत सगळं दाखवायला जायचा आणि गाण्याचा जीव जायचा. कुणी आलापात रमायचा आणि वेळ संपायची. बापूरावांच्या तबकड्या ऐकताना मात्र काही कापलंय, काही राहिलंय असं वाटतच नाही. तानपुऱ्याचा सूर लागतो, बंदिशीचा मुखडा येतो, लगेच रागाचा चेहरा उभा राहतो. चार आलाप, बोल घेऊन केलेली थोडी लयकारी, स्वच्छ आकारातल्या लहान लहान ताना, पुन्हा मुखडा आणि शेवट. सगळं आपापल्या जागी.

याचं एक कारण त्यांच्या घराण्यात आहे. ग्वाल्हेर गायकीत बंदिश हा गाण्याचा कणा असतो. बंदिश नीट मांडायची, तिच्या अंगानं राग फुलवायचा आणि ताल कधी सोडायचा नाही. थोडक्यात बोलण्याची सवय असलेल्या माणसाला पोस्टकार्ड पुरतं, तसंच हे. दुसरं कारण त्यांच्या स्वभावात असावं. त्यांच्या गाण्यात दाखवेगिरी नाही. तान घ्यायची म्हणून घेतलेली नाही. श्रोत्याला दमवायचं नाही आणि स्वतःही दमल्यासारखं दिसायचं नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो आवाज. बारीक, गोड, उजळ. सूर सरळ लागतो, शब्द स्पष्ट ऐकू येतात. श्री रागासारखा संध्याकाळचा गंभीर रागही ते गातात तेव्हा तो अंगावर येत नाही. गौड सारंग गातात तेव्हा दुपारचं ऊन दारात येऊन बसल्यासारखं वाटतं. ज्या माणसाच्या घरात अकरा भावंडं गेली, ज्याचे वडील दहाव्या वर्षी गेले, त्याच्या गळ्यात रडवेपणाचा मागमूस नाही. त्याच्या गाण्यातला स्थायी भाव प्रसन्नतेचा आहे.

भजनं घराघरांत गेली

रागदारीच्या तबकड्यांइतकीच, किंबहुना जास्त, लोकप्रिय झाली ती बापूरावांची भजनं. तुलसीदासांनी रंगवलेला दुडुदुडु चालणारा बाळ राम, मीराबाईंची पदं, वडिलांच्या चालीतली रामधून. यातली कितीतरी गाणी पुढे अनेकांनी गायली, पण त्यांच्या चाली आणि त्या म्हणण्याची पद्धत बऱ्याच लोकांच्या मनात बापूरावांच्या आवाजातच ठरून गेली.

भजन हे या घराचं वळण होतं. विष्णु दिगंबरांनी भजनाला शास्त्रीय मंचावर मानाची जागा दिली होती. मैफलीच्या शेवटी भजन गाण्याची पद्धत आज इतकी सरसकट आहे की ती कुणीतरी घडवली असेल, हे सुचत नाही. बापूरावांनी तेच पुढे नेलं, पण वडिलांचा प्रचारकी जोर बाजूला ठेवून. त्यांच्या भजनात उपदेश कमी आणि जवळीक जास्त. ऐकणाऱ्याला राग ओळखता आला नाही तरी काही बिघडत नाही. पण राग तिथे असतो आणि नीट सांभाळलेला असतो.

याचा एक तोटा झाला. सामान्य श्रोत्यांच्या मनात बापूराव पलुसकर म्हणजे गोड भजनं गाणारे गवई, असं समीकरण बसलं. गोड गाणारा माणूस खोल नसतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती त्यांनाही चिकटली.

बैजूचा आवाज

१९५२ मध्ये विजय भट्ट यांचा बैजू बावरा हा चित्रपट आला. संगीत नौशाद यांचं. अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजू यांचा गाण्याचा सामना होतो आणि बैजू जिंकतो, हा त्याचा कळसाचा प्रसंग. प्रश्न होता आवाजांचा. इतर गाण्यांसाठी पार्श्वगायक होते, पण या सामन्यासाठी खरे शास्त्रीय गायकच हवे होते. तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ आले आणि बैजूसाठी बापूराव पलुसकर.

देसी रागातली ही जुगलबंदी हिंदी चित्रपटाच्या इतिहासातला एक खास तुकडा आहे. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पाश्चात्त्य संगीतात अनेकजण एकत्र गातात तेव्हा प्रत्येकजण वेगळा सूर धरतो आणि ते सूर एकाच वेळी एकमेकांत मिसळतात. त्याला हार्मनी म्हणतात. आपल्याकडे तसं होत नाही. आपल्याकडे दोघेही त्याच रागाच्या वाटेनं चालतात, एकानं बोललं की दुसरा उत्तर देतो आणि समेवर दोघं भेटतात. मजा येते ती दोन गळ्यांच्या फरकातून.

या गाण्यात तो फरक लहान मुलालाही कळेल असा आहे. अमीर खाँचा आवाज भारदस्त, खालच्या सप्तकात मुरलेला, विचारात बुडालेला. पलुसकरांचा आवाज हलका, उजळ, वर झेपावणारा. कथेत बैजू जिंकतो, पण ऐकताना कुणी हरल्यासारखं वाटत नाही. दोघांनीही दुसऱ्याला जागा दिली आहे. नौशाद यांना या चित्रपटासाठी पहिल्याच फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट संगीतकाराचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी आयुष्यात एकही मैफल ऐकली नव्हती, अशा लाखो लोकांच्या कानावर पलुसकरांचा आवाज पडला तो इथे.

पुढे शापमोचन या १९५५ सालच्या बंगाली चित्रपटासाठीही ते गायले. पण चित्रपट हे त्यांचं क्षेत्र झालं नाही. त्यांची ओढ मैफलीचीच राहिली.

१९५५: एक दार बंद, दुसरं उघडलं

१९५५ मध्ये भारताचं एक सांस्कृतिक शिष्टमंडळ चीनला गेलं, त्यात बापूराव होते. पलूस या गावाचं नाव आडनावात घेऊन कृष्णाकाठच्या गायकीतला एक गवई तिथे गाऊन आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, मेंदूच्या तापानं ते गेले. वय ३४.

त्याच वर्षी दुसरीकडे काय चाललं होतं, ते बघा. १९५५ मध्येच अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांच्या सरोदवादनाची लाँगप्ले ध्वनिमुद्रित झाली. हिंदुस्थानी रागसंगीताच्या अगदी पहिल्या लाँगप्लेंपैकी ही एक. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगानं फिरणारी, प्लॅस्टिकची, न फुटणारी चकती. एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वेळ. म्हणजे राग आता घाई न करता मांडता येणार होता. पुढच्या काही वर्षांत ही लाँगप्ले भारतात सर्रास आली आणि शास्त्रीय संगीत घरात ऐकण्याची पद्धतच बदलली.

बापूराव नेमके या बदलाच्या उंबरठ्यावर गेले. त्यांच्यापेक्षा एका वर्षानं लहान असलेले भीमसेन जोशी २०११ पर्यंत होते. तीन वर्षांनी लहान असलेले कुमार गंधर्व क्षयातून उठून पुन्हा गाऊ लागले आणि त्यांनी सगळी जुनी गणितं मोडली. लाँगप्ले, कॅसेट, दूरदर्शन, सीडी हे सगळं या मंडळींना मिळालं. पलुसकरांच्या वाट्याला तयार होत असताना आल्या त्या सव्वातीन मिनिटांच्या तबकड्या, आकाशवाणीचे कार्यक्रम, जे त्या काळी बहुतेक थेट प्रक्षेपित होत आणि हवेत विरून जात, आणि मैफली, ज्या ऐकणाऱ्यांबरोबरच संपल्या.

म्हणून त्यांच्या बाबतीत पुनर्प्रकाशन ही हौसेची गोष्ट राहत नाही. गवई गेल्यावर त्याचं गाणं उरणार की नाही, हे त्यावर अवलंबून होतं.

जुन्या तबकड्या नव्या कव्हरात

बापूरावांच्या निधनानंतर ग्रामोफोन कंपनीनं त्यांच्या जुन्या तबकड्या एकत्र करून लाँगप्ले काढल्या. हे वाचायला सोपं वाटतं, पण यानं एक मोठा फरक पडतो.

सुटी तबकडी म्हणजे एक राग किंवा एक भजन. ती फुटली, झिजली, नातेवाइकानं मागून नेली की संपलं. लाँगप्लेवर मात्र श्री, गौड सारंग असे राग आणि भजनं एकापाठोपाठ येतात. श्रोता पहिल्यांदाच या माणसाचं गाणं सलग ऐकतो. मग लक्षात येतं की प्रत्येक रागाला वेगळी वागणूक दिलेली आहे. एक साचा काढून त्यात राग ओतलेले नाहीत. तीन मिनिटांत सुटं सुटं ऐकताना जे फक्त गोड वाटलं होतं, ते सलग ऐकताना विचारपूर्वक केलेलं दिसतं.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि हे संगीत तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानापर्यंत पोहोचलं. लाँगप्ले वाजवायला यंत्र लागायचं, ते महाग. कॅसेट प्लेअर बऱ्याच घरांत होता. सकाळी रेडिओनंतर भजनाची कॅसेट लावायची, ही पद्धत कितीतरी घरांत होती. त्यात पलुसकर असायचे. पुढे सीडी आली. त्याबरोबर जुन्या ध्वनिमुद्रणांतली खरखर कमी करण्याचं तंत्रही आलं.

या तंत्राचा फायदा आहे तसा धोकाही. लाखेच्या तबकडीवरची खरखर आणि गवयाच्या आवाजातली वरची झार या दोन्ही जवळच्याच पट्टीत असतात. खरखर पुसताना जास्त हात चालला तर आवाज मऊ पडतो, कापसात गुंडाळल्यासारखा. आणखी एक गोष्ट वेगाची. जुन्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या ७८ फेऱ्यांवर भरलेल्या असतीलच असं नसे. नवीन प्रत करताना वेग थोडा चुकला तर पट्टी वर किंवा खाली जाते आणि गाणारा आहे त्यापेक्षा तरुण किंवा म्हातारा वाटू लागतो. म्हणून एकाच भजनाच्या दोन प्रती ऐकताना आवाज वेगळा वाटला तर कानाला दोष देऊ नये.

सगळ्यात मोठा बदल मात्र वेगळाच. आकाशवाणीवरची आणि खासगी मैफलींमधली, रसिकांनी जपून ठेवलेली लांब ध्वनिमुद्रणं हळूहळू बाहेर आली. आधी हातोहाती फिरणाऱ्या कॅसेटवर, मग प्रकाशित स्वरूपात, मग इंटरनेटवर. त्यात विलंबित ख्याल आहे, सावकाश उघडत जाणारा राग आहे, तालाशी खेळणारी लयकारी आहे. गोड भजनं गाणारे गवई हे समीकरण इथे मोडतं. तीन मिनिटांत मावणारा गवई म्हणून ज्याला ओळखलं, त्याला तीन मिनिटांची मर्यादा यंत्रानं घातली होती. ती त्याची स्वतःची नव्हती.

आनंदी गाणं हलकं असतं का?

ही गोष्ट फक्त आपल्याकडे घडलेली नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत एक गाण्याचा प्रकार होता, ज्याला पुढे सनशाइन पॉप असं नाव पडलं. उन्हासारखी लख्ख, आनंदी गाणी, चार-पाच गळ्यांची हार्मनी, नेटकी वाद्यरचना. न्यूयॉर्कचा द फ्री डिझाइन हा गट त्यातलाच. एकाच घरातली डेड्रिक भावंडं मिळून गायची. त्यांची पहिली लाँगप्ले १९६७ ची, पतंग उडवण्याच्या मजेवरच्या गाण्यानं ओळखली जाणारी. त्या काळात रॉक संगीत बंडखोर आणि गंभीर होत चाललं होतं, त्यामुळे असलं हसरं गाणं बाळबोध ठरलं. गट विसरला गेला. १९९० च्या दशकात जपानमध्ये त्यांच्या लाँगप्ले सीडीवर पुन्हा निघाल्या, मग अमेरिकेतही निघाल्या. तरुण संगीतकारांनी ऐकलं आणि म्हणू लागले की एवढं अवघड काम इतक्या सहज केलंय, हे आधी कळलंच कसं नाही.

पलुसकरांचं संगीत आणि हे संगीत यांत काहीच साम्य नाही. साम्य आहे ते ऐकणाऱ्यांच्या सवयीत. दुःख, संघर्ष, घाम दिसला की आपण त्याला कला म्हणतो. प्रसन्नता दिसली की सोपं म्हणून पुढे जातो. पण प्रसन्न राहून अचूक गाणं हे सगळ्यात अवघड. सूर जरा हलला तरी दिसतो, कारण लपायला गोंगाट नसतो. पहिल्या ऐकण्यात हे कळत नाही. दहाव्या ऐकण्यात कळतं. आणि दहाव्यांदा ऐकायला गाणं हाताशी असावं लागतं. म्हणूनच पुनर्प्रकाशन महत्त्वाचं.

आज ऐकायचं तर

आज पलुसकर ऐकायला दुकान शोधावं लागत नाही. मोबाईलवर नाव टाकलं की समोर येतात. शास्त्रीय संगीताची सवय नसेल तर एक क्रम सोयीचा पडतो.

आधी बैजू बावरामधली जुगलबंदी. दोन आवाज ओळखायला शिका. डोळे मिटून ऐका आणि कोण गातंय ते ठरवा. मग एक-दोन भजनं, शब्दांकडे लक्ष देऊन. एकही शब्द गिळलेला सापडणार नाही. त्यानंतर तबकडीवरचा गौड सारंग किंवा श्री, लागोपाठ तीनदा. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा तबल्याबरोबर ताल धरा, तिसऱ्यांदा मुखडा किती वेळा परत येतो ते मोजा. आणि मग एखादं लांब ध्वनिमुद्रण. तोवर या आवाजाशी ओळख झालेली असते. आता तो माणूस निवांत बसून बोलतोय असं वाटतं.

विष्णु दिगंबरांनी गाणं दरबारातून काढून सामान्य माणसाच्या घरात आणायचं ठरवलं, त्यासाठी शाळा काढल्या, कर्ज काढलं, इमारत गमावली. मुलानं शाळा काढली नाही. पण त्याचा आवाज लाखेच्या चकतीवरून, चुंबकीय फितीवरून, चंदेरी सीडीवरून आणि आता हातातल्या फोनवरून अशा घरांत गेला, जिथे कुणी कधी गाण्याच्या क्लासला गेलं नव्हतं. वडिलांचं राहिलेलं काम मुलाच्या तबकड्यांनी पुढे नेलं.

तबकडी ही निर्जीव वस्तू. ती स्वतःहून टिकत नाही. कुणीतरी ती जपतं, कुणीतरी तिची नवी प्रत काढतं, कुणीतरी ती दुसऱ्याला ऐकवतं, तेव्हा ती टिकते. अकरा वर्षांत भरलेल्या मूठभर तबकड्यांतून एक गवई सत्तर वर्षं ऐकला गेला, त्यात गवयाचा वाटा मोठा आहेच. पण जपणाऱ्यांचा आणि पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांचा वाटाही लहान नाही.